‘ऐकू येतं, पण कळत नाही’: कानाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कानाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हटलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, काहींनी तर बोलून रेकॉर्ड करून पाठवलं. वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची स्वतःची पत्रं फार थोडी आहेत, बाकी सगळी त्यांच्या मुलांची, सुनांची, नातवंडांची. म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळलेलं असतं, पण त्या माणसापुढे विषय काढायचा कुणी हे ठरत नसतं आणि त्यात वर्षं जातात. म्हणून यावेळची उत्तरं घरच्यांनाही धरून लिहिलीयेत. नावं सगळी काढून टाकलीत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझ्या वडिलांची उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेली. आता वय ६२. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे सांगायला येतात. बोललं की म्हणतात, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. डॉक्टरकडे चला म्हटलं की चिडून उठून जातात. मीपण त्याच कारखान्यात आहे, रात्रपाळीला. मला अजून काही त्रास नाही. वडिलांचं काय करू? – नीलम नगर

उत्तर : दादा, आधी हे लक्षात घ्या की तुमचे वडील खोटं बोलत नाहीयेत. त्यांना आवाज खरंच येतो, शब्द कळत नाहीत, आणि घरातली अर्धी भांडणं ह्या एका गोष्टीवरून होतात.

होतं काय ते सांगते. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्यात आवाज पकडणाऱ्या बारीक केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, मेलेली परत येत नाही, त्यासाठी आज तरी कुठलं औषध नाही, टॉनिक नाही, काढा नाही. मोठ्या आवाजाने सगळ्यात आधी मरतात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज पकडणाऱ्या. आता आपलं बोलणं बघा. आ, ओ, म, न हे जाडे आवाज आणि स, श, फ, थ, ख, ट हे बारीक. जाडे सगळे त्यांच्यापर्यंत पोचतात, बारीक गळून जातात. तुम्ही ‘साखर’ म्हणा, ‘भाकर’ म्हणा, त्यांना मधलं ‘आ’ आणि शेवटचं ‘र’ एवढंच मिळतं, बाकीचं अंदाजानं भरायचं. सात, आठ, हात, तिन्ही एकच. मग ते म्हणतात तुम्ही पुटपुटता, आणि त्यांच्या कानाच्या हिशोबानं ते अगदी बरोबर असतं.

आणि दुसरी गोष्ट, जी प्रत्येक घरात होते. हळू बोललं तर ‘काय?’ आणि मोठ्यानं बोललं तर ‘ओरडतोस कशाला?’. लोकांना वाटतं म्हातारा मुद्दाम करतोय. तसं नसतं. ह्या प्रकारच्या बहिरेपणात लहान आवाज ऐकू येत नाही पण मोठा आवाज मात्र आपल्याइतकाच किंवा जास्त टोचतो, मधली जागाच कमी होऊन गेलेली असते. त्यात ओरडल्यानं ‘आ’ आणि ‘ओ’च मोठे होतात, ‘स’ आणि ‘ट’ होते तिथेच राहतात. म्हणून ओरडायचं बंद करा आजपासून. जवळ जा, आधी हाक मारून त्यांना तुमच्याकडे बघू द्या, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहा, टीव्ही बंद करा आणि मग जरा सावकाश बोला. एकदा नाही कळलं तर तेच वाक्य तीनदा म्हणू नका, शब्द बदला. ‘साखर संपली’ कळलं नाही तर ‘चहाला साखर नाहीये’ म्हणा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारून केलेलं बोलणं त्यांच्यासाठी बोलणंच नसतं, हे घरातल्या बायकांना, पोरांना सगळ्यांना सांगा.

डॉक्टरकडे न्यायचं म्हणता, तर ‘तुम्हाला ऐकू येत नाही, चला’ असं म्हणू नका, कुठलाच बाप येणार नाही. ‘मला माझा कान तपासायचाय, कारखान्यात आहे मी, तुम्हीपण चला सोबत, दोघांचं करून घेऊ’ असं म्हणा. ह्यात फसवणूक काही नाही, तुमचाही कान तपासायलाच पाहिजे, त्यावर खाली येते. आधी कान-नाक-घसा डॉक्टर कानात बघतील, मळ असेल तर काढतील, कधीकधी तेवढ्यानंही फरक पडतो. मग ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक टूं आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम, दुखत-खुपत काही नाही.

एक मात्र आवर्जून सांगा तिथं. तुमच्या मूळ, पूर्ण पत्रावरून दिसतंय की तुमच्या घरात तेलुगू बोलतात. शब्द किती कळतात ह्याची जी टेस्ट असते ती त्यांच्या घरच्या भाषेत घ्यायला लावा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, अशा माणसांना मराठी शब्द ऐकवून टेस्ट घेतली की मार्क कमी येतात आणि कान आहे त्यापेक्षा खराब दिसतो. तेलुगू शब्दांची यादी नसेल तर तुम्ही शेजारी बसून मदत करा, पण हे बोलून दाखवा, गप्प बसू नका.

आता तुमचं. ‘अजून काही त्रास नाही’ हे वाचून मला वडिलांपेक्षा तुमची काळजी जास्त वाटली. शटलच्या मागांच्या शेडमधे आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. कानाला सोसेल अशी मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. कारखान्यांसाठीचे आपल्याकडचे नियम त्यापेक्षा सैल आहेत, ९० डेसिबलला आठ तास, पण त्यातही तुमची पाळी बसत नाही. सुरवातीला जो ४००० हर्ट्झचा भाग जातो त्यानं रोजच्या बोलण्यात फारसं अडत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. पाळी सुटल्यावर कानात कापूस भरल्यासारखं वाटतं का? कुईं असा आवाज येतो आणि झोप झाल्यावर जातो का? असेल तर सुरवात झालीय.

कापसाचे बोळे, रुमाल, गमछा ह्यानं समाधान सोडून काही मिळत नाही. मेडिकलमधे किंवा सेफ्टीच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, फार महाग नाहीत. घालायची पद्धत चुकली की तेही वाया. हात धुवून घ्या, प्लग बोटांत लाटून बारीक काडीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे वीस-तीस सेकंद, बोटानं धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. डोक्यावरून घालायचे मोठे इअरमफ चांगले असतात पण एप्रिल-मेमधे सोलापुरात शेडमधे ते कोण घालणार, म्हणून प्लगच म्हणतेय. कामगार मला नेहमी सांगतात की प्लग घातला की मागाचा आवाज कळत नाही, सूत तुटलं, काही बिघडलं तर कसं समजणार. शंका रास्त आहे. पण प्लगनं आवाज बंद होत नाही, सगळा सारखा खाली येतो, थोड्या दिवसांत कान नव्या आवाजाला सरावतो आणि मागातला फरक परत ओळखू येतो. कांडी भरणाऱ्या बायका शेडमधेच बसतात, त्यांनाही लागू आहे हे सगळं, त्यांना कुणी कामगार म्हणून मोजत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि दरवर्षी एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेख, काढा आणि कागद जपून ठेवा. आवाजामुळे आलेलं बहिरेपण कामगार कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहे, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्याही यादीत आहे. तुमचं ईएसआय कापलं जात असेल तर तिथल्या डॉक्टरला कामाचं स्वरूप सांगून नोंद करून घ्या. नुसतं ‘कान दुखतो’ म्हणून गोळी घेऊन येऊ नका. छोट्या शेडमधे ह्यातलं काहीच लागू नसतं हे मला माहितीये, तिथं तर प्लग हा एकच आधार आहे.

प्रश्न : सकाळी उठलो तर उजवा कान एकदम बंद. आदल्या रात्री ठीक होता. आत सूं सूं आवाज. मेडिकलवाल्यानं मळ फुगला असेल म्हणून थेंब दिलेत. अजून दोन-चार दिवस वाट बघू का? शुगर आहे मला. – होटगी रोड

उत्तर : ह्या वाचकांना पत्र मिळाल्याच दिवशी फोन करून लगेच डॉक्टरकडे जायला सांगितलं. छापतेय ते बाकीच्यांसाठी. एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गेलं तर ती इमर्जन्सी समजायची. मळ असू शकतो, सर्दीनं कान गच्च झालेला असू शकतो, पण आतल्या नसेचं असेल तर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर सगळ्यात जास्त उपयोग होतो, दोन आठवडे उलटले की आशा खूप कमी होते. नसेचं आहे की मळाचं, हे मेडिकलच्या काउंटरवरून कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरला कानात बघावं लागतं, ट्यूनिंग फोर्क लावावा लागतो, ऑडिओमेट्री करावी लागते. शुगर असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, स्टेरॉइडनं शुगर चढते, डॉक्टर त्याप्रमाणे डोस किंवा पद्धत ठरवतात, कानाच्या पडद्यातून इंजेक्शन द्यायचीही सोय असते. वाट अजिबात बघू नका.

प्रश्न : मॅडम मी १९ वर्षांचा आहे, मंडळात आहे. मिरवणुकीत डीजेसमोर नाचतो, यावेळी घरी आल्यावर दोन दिवस कानात कुईं वाजत होतं, आता थांबलंय. मित्र म्हणतात सगळ्यांनाच होतं, काही नसतं. खरं का? – साखर पेठ

उत्तर : सगळ्यांना होतं हे खरं. काही नसतं हे खोटं. ते कुईं म्हणजे केसपेशींना मार बसला ह्याची खूण. दोन दिवसांनी थांबलं म्हणजे बऱ्याचशा सावरल्या असतील, पण मार परत परत बसला की एक दिवस ते थांबत नाही. मग चोवीस तास वाजतं, रात्री शांत झाल्यावर जास्त, झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. तुझ्या वयाची पोरं माझ्यासमोर बसून ‘मॅडम एवढं बंद करा’ म्हणतात तेव्हा मला द्यायला गोळी नसते. त्याची सवय व्हायला मदत करता येते, रात्री बारीक पंख्याचा किंवा पावसाचा आवाज लावून ते झाकता येतं, समुपदेशन करता येतं, पण बटण दाबून बंद करता येत नाही रे.

वर मागाच्या उत्तरात डेसिबलचा हिशोब दिलाय तो वाच. डीजेच्या भिंतीसमोर आवाज सहज १०० च्या वर जातो, म्हणजे पंधरा मिनिटांत दिवसाचा कोटा संपतो, आणि तू तिथं चार-पाच तास असतोस. नाचू नको असं मी म्हणत नाही. स्पीकरसमोरून हलून मागे ये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, पण आपल्या पेठांच्या अरुंद बोळात दोन्ही बाजूंनी भिंती असल्यामुळे तेवढा उतरत नाही, तिथं तर आणखीच लांब राहायचं. फोमचा प्लग खिशात ठेव, नाचताना घाल, बेस तर छातीत वाजतोच, मजा काही कमी होत नाही. मधे मधे अर्धा तास बाजूला जाऊन कानाला विश्रांती दे. आणि मंडळात तू आहेस तर हेही मांड, की लहान लेकरं खांद्यावर घेऊन लोक स्पीकरजवळ उभे राहतात त्यांना मागे काढायला दोन कार्यकर्ते ठेवा. ते लेकरू रडतंय ते गर्दीला घाबरूनच असं नाही, त्याचा कान दुखत असू शकतो. हलगी, ढोल-ताशा वाजवणाऱ्यांनाही हेच, पारंपरिक आहे म्हणून कान वाचत नाही, ताशाच्या जवळचा आवाज फार वाईट असतो.

कायदाही माहीत असू दे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासाठी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ती वेळेची सूट असते, कितीही मोठा लावायची नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट ह्यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. त्रास होणाऱ्यांनी ११२ ला फोन करावा, तो त्यांचा हक्क आहे, त्यात धर्म-जात आणायचं काही कारण नाही, कान सगळ्यांचा सारखाच आहे.

हेडफोनबद्दल विचारणारी बरीच पत्रं होती, त्यांना इथंच सांगते. आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि रस्त्यावरच्या गोंगाटावर मात करायला म्हणून वाढवू नका, बसमधे बसून लोक नेमकं तेच करतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल आणि तेवढेच तास, अशी मर्यादा सांगते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ७१. मुलानं पुण्यात कानाचं मशीन घेऊन दिलं, चांगलं महागातलं. पण काय सांगू, कडक भाकरी खाताना डोक्यात गिरणी चालल्यासारखं होतं, मधेच शिट्टी वाजते, माझाच आवाज मला घुमतो आणि लग्नात गेले तर नुसता कालवा. आता ते कपाटात आहे. मुलाला सांगवत नाही. – जुळे सोलापूर

उत्तर : बाई, मुलाला जरूर सांगा, कारण तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी बऱ्याच कमी होण्यासारख्या आहेत आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मशीन घेऊन दिलं म्हणजे काम झालं असं घरच्यांना वाटतं, खरं तर काम तिथून सुरू होतं.

कडक भाकरीचं आणि स्वतःचा आवाज घुमण्याचं कारण एकच आहे. कान मशीननं पूर्ण बंद झाला की चावण्याचा, बोलण्याचा आवाज हाडातून येऊन आतच अडकतो. कानात बसणाऱ्या भागाला छोटं भोक ठेवून किंवा उघडा रबरी डोम लावून हे बरंच कमी होतं, किती उघडं ठेवता येईल ते तुमच्या ऑडिओग्रामवर ठरतं. शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा मोल्ड, म्हणजे हा कानात बसणारा भाग, सैल असल्यामुळे, नीट न बसवल्यामुळे किंवा कानात मळ असल्यामुळे, बाहेर निसटलेला आवाज परत माईकमधे शिरतो आणि कुईं होतं. आधी डॉक्टरकडून कान साफ करून घ्या मग मोल्ड तपासा. ही सेटिंग कॉम्प्युटरला जोडून करतात आणि एकदाच होत नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांत परत परत जावं लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मशीन जिथं नेहमी जाता येईल तिथून घ्या, आणि सेटिंग करणारा ऑडिओलॉजिस्ट पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेला आहे का विचारा. ऑनलाइन हजार-पाचशेत मिळणारं यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवतं, ते तुमच्या कानाच्या मापाचं नसतं.

आता सवयीचं. तुमच्या मेंदूनं कित्येक वर्षं पंख्याचा, भांड्यांचा, चपलांचा आवाज ऐकलेला नाही, ते सगळं एकदम आलं की कालवा वाटणारच. लगेच लग्नाला घालून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात सकाळी घर शांत असताना तास-दोन तास घाला. तुम्ही शिक्षिका, तर पेपर मोठ्यानं वाचा, स्वतःच्या आवाजाला सरावायला ह्यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. मग घरातल्या एका माणसाशी बोलताना, मग दोघा-तिघांत, मग टीव्ही, मग भाजी मंडई, आणि सगळ्यात शेवटी लग्नाचं कार्यालय. महिना-दीड महिना लागतो. कार्यालयात गेल्यावर स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो. पण एवढ्या गर्दीत कितीही महाग मशीन सगळं वेगळं करून देत नाही, तरुण कानांनाही तिथं नीट ऐकू येत नाही.

एकाच कानाला मशीन असेल आणि दोन्ही कान सारखे गेलेले असतील तर दुसऱ्याचाही विचार करा, आवाज कुठून आला हे दोन्ही कान मिळूनच सांगतात, रस्ता ओलांडताना ते फार महत्त्वाचं.

उन्हाळ्यात घामानं मशीन बिघडतात. रात्री काढल्यावर मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, बॅटरीचं दार उघडं ठेवा आणि सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवा, ते दाणे रंग बदलले की बदला. अंघोळीआधी आणि केसांना तेल लावण्याआधी काढा. बॅटरी नाण्यासारखी गोल असेल तर तिचं स्टिकर काढून मिनिटभर तशीच ठेवा मग घाला, ती हवेवर चालते, हवा आत जाऊ दिली की जास्त टिकते. आणि वापरलेल्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, लहान मूल गिळतं, आणि गिळली तर घरी उपाय न करता थेट दवाखाना.

तुम्हाला कपाटातून मशीन काढायला लावण्यामागे माझं आणखी एक कारण आहे. कमी ऐकू यायला लागलं की माणूस हळूहळू हळदीकुंकवाला जाणं सोडतो, भजनाला जाणं सोडतो, फोन घेत नाही. स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्यासारखी कारणं वैद्यकशास्त्र मानतं त्यात उपचार न केलेलं बहिरेपण आहे. मशीन लावलं की स्मृतिभ्रंश होणारच नाही असा त्याचा अर्थ नाही, पण माणसांत राहणं सुटू देऊ नका.

प्रश्न : सासूबाई लसूण टाकून गरम केलेलं तेल सगळ्यांच्या कानात घालतात. माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा कान सारखा वाहतो, त्यालाही घालतात. मी इअरबडनं पुसून घेते. चालेल का? – शेळगी

उत्तर : तेल आणि बड, दोन्ही बंद. वाहणाऱ्या कानाचा पडदा फाटलेला असू शकतो आणि त्यातून तेल थेट मधल्या कानात जातं, वर बुरशीही वाढते. बडनं मळ निघत नाही, आत ढकलला जातो. मळ घाण नाही, कानाचं संरक्षण आहे, बहुतेकांचा आपोआप बाहेर येतो. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांकडेही बसू नका. मुलाला कान-नाक-घसा डॉक्टरला दाखवा, सारखा वाहणारा कान हे लहानपणच्या बहिरेपणाचं मोठं कारण आहे आणि औषधानं किंवा पडद्याच्या ऑपरेशननं बरं होण्यासारखं आहे. तोपर्यंत अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, पाणी जाऊ देऊ नका. पोरगं शाळेत लक्ष देत नाही अशी तक्रार असेल तर बाईंना कानाचं सांगून पुढच्या बाकावर बसवायला लावा. सासूबाईंना रागावून नका सांगू, डॉक्टरकडे सोबत घेऊन जा, त्यांच्या तोंडून ऐकलं की पटेल.

प्रश्न : वडिलांना मशीन घ्यायची ऐपत नाही. सरकारी काही मिळतं का? सर्टिफिकेट कसं काढायचं? – बाळे

उत्तर : केंद्राची एडिप योजना आहे, त्यातून दिव्यांग सर्टिफिकेट असलेल्यांना उत्पन्नाच्या अटीत मशीन मिळतं. साठीच्या पुढच्या गरीब कुटुंबांतल्या लोकांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मधे आली, ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात, त्यालाही उत्पन्नाची अट. सध्या कुठले अर्ज चालू आहेत ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. सर्टिफिकेटसाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग सिव्हिलला तपासणी. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे कमी ऐकू येणारे आणि ७० च्या वर म्हणजे कर्णबधिर. एक कान चांगला असेल तर सर्टिफिकेट बहुधा बसत नाही, पण म्हणून उपचार थांबवू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांची. लहानपणापासून दोन्ही कानांना मशीन आहे. नवी पेठेत एका दुकानात हिशोबाचं काम करते, काम चांगलं जमतं. आता स्थळं बघतायत. घरचे म्हणतात बघायला येतील तेव्हा मशीन काढून ठेव, केस मोकळे सोड, मग हळूहळू सांगू. एक स्थळ मामाच्या मुलाचंही आहे. मला काही सुचत नाहीये. – नाव-पत्ता नको

उत्तर : ताई, मशीन काढायचं नाही. मी हे तुझ्या आईवडिलांनी वाचावं म्हणून लिहितेय. मशीन काढून बसलीस तर ते विचारतील एक, तुला ऐकू येईल दुसरं, तू हसून मान हलवशील आणि ते घरी जाऊन म्हणतील मुलीला काही कळत नाही. म्हणजे ज्या मुलीला हिशोब तोंडपाठ आहेत ती मुलगी मंद ठरेल, का तर आपण कान लपवला म्हणून. आणि समजा जमलं, तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळणार, मग ‘फसवलं’ हा शब्द आयुष्यभर तुझ्यामागे. लपवून झालेल्या लग्नांत मुलींचे काय हाल होतात ते मी पाहिलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय. मध्यस्थाला फोटो आणि बायोडाटा देतानाच सांगायचं, ‘दोन्ही कानांना मशीन आहे, मशीन घालून सगळं व्यवस्थित ऐकते, नोकरी करते’, बस्स, एवढं एक वाक्य. त्यावर जे मागे फिरतील ते आधी फिरलेले बरे.

मुलाशी एकटीनं बोलायला मिळालं तर त्याला सांग की मी कशी ऐकते. समोर बघून बोललास तर सगळं कळतं, अंधारात किंवा पाठमोरं बोललास तर नाही, रात्री मशीन काढते तेव्हा हात लावून उठव. हे ऐकून तो किती प्रश्न विचारतो ह्यावरून तुला बरंच कळेल. दुकानातही मोकळेपणानं सांग, फोनवरचं काम दुसऱ्याला देऊन मेसेजवरचं तू घे, लपवण्यात जेवढी ताकद जातेय तेवढी कामाला लागेल.

मामाच्या मुलाबद्दल मात्र घाई करू नका. आपल्या भागात मामाच्या घरी मुलगी द्यायची पद्धत आहे, पण जन्मजात बहिरेपणाचे बरेच प्रकार असे असतात की आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तरच मूल बहिरं होतं, आणि जवळच्या नात्यात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. तुझं बहिरेपण कशामुळे आहे, जन्मतः की लहानपणी आलेल्या तापामुळे किंवा इंजेक्शनमुळे, हे आधी कळायला हवं. जनुकीय समुपदेशन घ्या, डॉक्टर सांगतील कुठं. नात्याबाहेर लग्न झालं तर बहुतेक वेळा मुलं ऐकू येणारीच होतात, तरी कुठल्याही बाळाची ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात करायची, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू. बाळ झोपेत असताना कानात छोटा प्लग ठेवून काही मिनिटांत ही तपासणी होते.

बघायला येतील त्या दिवशी पाहुण्यांच्या तोंडावर खिडकीचा उजेड पडेल अशी बसायची जागा आईला करायला सांग, टीव्ही बंद ठेवायला सांग, आणि मशीनमधे आदल्या रात्री नवी बॅटरी घालून ठेव.